ब्रीदवाक्याखालच्या खुर्च्या : एक प्रस्तावना

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसलो. कुणी काही बोललं नाही. एक मॅडम कप हातात धरून थबकल्या, एक सर खाकरले, आणि शिपाईमामांनी माझा चहा नेऊन पलीकडच्या टेबलावर ठेवला. मी मुकाट्यानं चहामागे गेलो. ती खुर्ची इतिहासाच्या सरांची होती हे मला दिवाळीच्या सुट्टीनंतर कळलं. सर निवृत्त होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

ती खुर्ची राखून ठेवा असं कुठल्या परिनियमात किंवा परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. उलट तिच्या बरोबर वर, भिंतीवर, ज्ञानापुढे लहानमोठं कुणी नाही अशा अर्थाचं ब्रीदवाक्य होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी एडगर शाइन वाचले तेव्हा मला ती भिंत आठवली. संघटनेच्या संस्कृतीला तीन थर असतात, अशी मांडणी शाइन यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात केली. वरचा थर डोळ्यांना दिसणारा: इमारती, समारंभ, कोण कुठे बसतं, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं. मधला थर बोलून दाखवलेल्या मूल्यांचा: ब्रीदवाक्यं, ध्येयं, माहितीपत्रकाची पहिली दोन पानं. तळाचा थर गृहीतकांचा. ती इतकी मुरलेली असतात की कुणी बोलून दाखवत नाही, आणि विचारलं तर ‘त्यात काय सांगायचं?’ असं उत्तर येतं. आमच्याकडे वरच्या थरात खुर्ची होती, मधल्या थरात ब्रीदवाक्य होतं आणि तळाशी, माणूस गेला तरी त्याची ज्येष्ठता शिल्लक राहते, ही समजूत. तिन्ही थर चार फूट भिंतीत.

महाविद्यालयाची किंवा विद्यापीठाची अशी संस्कृती जोखायची कशी, हा या पुस्तकाचा विषय आहे. शिक्षणशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्रातले पीएच.डी.चे विद्यार्थी ते वाचतीलच. पण आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम अचानक अंगावर येऊन पडलेले शिक्षक त्याहून अधिक वाचतील, असा माझा अंदाज आहे. दोघांचंही स्वागत. शिरण्याआधी दोघांनाही एक गोष्ट सांगायला हवी: ‘संस्कृती’ हा शब्द घेऊन कॉलेजात गेलात तर रिकाम्या हातानं परत याल. मी गेलो होतो. ‘तुमच्या कॉलेजची संस्कृती कशी आहे?’ असं विचारलं की लोक स्नेहसंमेलनाविषयी बोलू लागत, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेविषयी सांगत, फार तर पारंपरिक वेशभूषा दिनाचे फोटो दाखवत. प्रश्न बदलून ‘उद्या इथं नवीन माणूस रुजू झाला तर त्याला काय सांगाल?’ असं विचारू लागलो, तेव्हा खुर्च्या निघू लागल्या. अमुक अर्ज थेट प्राचार्यांकडे नेऊ नका, आधी ओएसना, म्हणजे कार्यालय अधीक्षकांना, दाखवा. मीटिंगमध्ये विरोध करायचा असेल तर आदल्या दिवशी जाऊन सांगा. शनिवारी सही मागू नका. ही सगळी उत्तरं संस्कृतीची आहेत, फक्त तो शब्द त्यांत कुठे नाही.

या अभ्यासाचा उगम दोन ठिकाणी आहे. एक ओढा मानववंशशास्त्रातून येतो: गावात जाऊन राहायचं, बघायचं, लिहायचं. अँड्र्यू पेटिग्रू यांनी ब्रिटनमधल्या एका निवासी शाळेचा अभ्यास करून १९७९ मध्ये ही नजर संघटनांकडे वळवली. १९८० नंतर जपानी कारखान्यांच्या यशाचं कोडं सोडवायला निघालेल्या व्यवस्थापनतज्ज्ञांनी हा शब्द कंपन्यांच्या बोर्डरूममध्ये नेला आणि तो फार स्वस्त करून टाकला. उच्च शिक्षणातला ओढा मात्र याहून जुना आहे, आणि माझ्या मते जास्त नितळ आहे. बर्टन क्लार्क यांनी १९७० मध्ये अँटिऑक, रीड आणि स्वार्थमोर या तीन अमेरिकी कॉलेजांवर एक पुस्तक लिहिलं. ही तिन्ही कॉलेजं लहान. पण तिथं काम करणाऱ्यांच्या मनात आपण कुणीतरी वेगळे आहोत असा एक पक्का विश्वास होता. त्या विश्वासामागे प्रत्येक ठिकाणी एक कथा होती: कुणी सुरू केलं, कशासाठी, काय सोसलं, काय टिकवलं. क्लार्क यांनी तिला ‘सागा’ म्हटलं. अशी कथा टिकायला पाच आधार लागतात असं ते सांगतात: तिच्यावर विश्वास ठेवणारे ज्येष्ठ शिक्षक, तिला शोभेल असा अभ्यासक्रम, बाहेरचे पाठीराखे, विद्यार्थ्यांमध्ये तिचं झिरपणं, आणि तिची चिन्हं.

‘सागा’ला मराठी प्रतिशब्द शोधताना आम्ही ‘गाथा’ घेतला, खोडला, ‘वीरकथा’ घेतला, तोही खोडला. शेवटी ‘बखर’ ठेवला आहे. बखर खोटी नसते. पण ती कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुणाच्या तरी बाजूनं लिहिलेली असते, आणि तिच्यात नको ते प्रसंग गळतात. शिक्षणसंस्थांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे या बखरींना तोटा नाही. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. तिथली मूळ कल्पना आजीव सदस्यत्वाची: हुशार तरुणांनी बेताच्या वेतनावर उमेदीची वर्षं संस्थेला द्यायची. या एका कल्पनेनं काय केलं पाहा. १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे परत येऊन याच कॉलेजात शिकवू लागले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. ही बखरीची उजळ बाजू. दुसरी बाजू अशी की आजीव सदस्यांनी बाहेरची कामं आणि बाहेरची मिळकत ठेवावी की नाही यावरून त्याच मंडळींत वाद पेटला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. वरवर हा वेतनाचा आणि नियमांचा तंटा; आत प्रश्न असा होता की ‘आजीव’ म्हणजे माणूस पूर्ण संस्थेचा, की त्याचं सार्वजनिक आयुष्य वेगळं असू शकतं? शाइन यांचा तळाचा थर एरवी बोलत नाही. तो फुटीच्या वेळी बोलतो. म्हणून अभ्यासकानं कुठल्याही संस्थेत स्थापनेची गोष्ट ऐकून घ्यावीच, पण फुटीची गोष्ट कोण सांगतं, कुठे सांगतं आणि आवाज किती खाली आणून सांगतं, तेही टिपावं.

रयत शिक्षण संस्थेची बखर वेगळी. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती स्थापन केली. वटवृक्ष हे तिचं चिन्ह, आणि ‘कमवा आणि शिका’ ही तिची ओळख. इथं श्रम हा शिक्षणाचा भाग आहे, शिक्षा नाही, हे गृहीतक आज किती मुरलेलं आहे आणि किती नुसतं फलकावर उरलं आहे, हा एखाद्या प्रबंधाचा विषय होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय काढलं. मिलिंद हा भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. कॉलेजला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं आणि परिसराला, नागसेनवनाला, उत्तरं देणाऱ्याचं. नावातच एवढी मोठी अपेक्षा लिहून ठेवलेलं दुसरं कॉलेज मला तरी माहीत नाही.

कथांवरून मोजमापाकडे येऊ. या क्षेत्रात सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली किम कॅमेरन आणि रॉबर्ट क्विन यांची आहे. सहा प्रश्न, प्रत्येकात चार विधानं. प्रत्येक प्रश्नाचे १०० गुण त्या चार विधानांत वाटायचे, एकदा ‘आज कसं आहे’ म्हणून आणि एकदा ‘कसं असायला हवं’ म्हणून. चार विधानं चार प्रकारच्या संस्कृतींची, आणि इंग्रजीत त्यांची नावं क्लॅन, अ‍ॅडहॉक्रसी, मार्केट आणि हायरार्की. साधी, चटकन भरून होणारी, आलेख काढायला सोपी प्रश्नावली. मराठीत आणताना मात्र तिनं आमचा घाम काढला.

क्लॅन म्हणजे एकमेकांना धरून राहणारं, कुटुंबासारखं वातावरण. ‘कुळ’ म्हणावं तर निम्म्या लोकांना कूळकायदा आठवतो आणि उरलेल्यांना जात. ‘भाऊबंद’ म्हणावं तर पुढचं पाऊल भाऊबंदकी, म्हणजे मूळ अर्थाच्या नेमकं उलट. बांधावरून कोर्टात गेलेली माणसं. मार्केटला ‘बाजार’ म्हटलं की काम तिथंच संपतं, कारण ‘शिक्षणाचा बाजार’ हे आपल्याकडे वर्णन नाही, शिवी आहे. ज्या कॉलेजात प्रवेशाचे आकडे रोज संध्याकाळी संस्थाचालकांना कळवले जातात तिथलेही शिक्षक त्या विधानाला शून्य गुण देतील. हायरार्कीला सहज सुचणारा शब्द ‘उतरंड’, आणि तो ऐकताच ‘जातींची उतरंड’ कानात वाजते. अ‍ॅडहॉक्रसीची तर कमालच. मूळ लेखकांना तिथं नावीन्य, धाडस, गरजेपुरते जमणारे आणि विखुरणारे गट अभिप्रेत आहेत. आपल्या स्टाफरूममध्ये ‘अ‍ॅडहॉक’ म्हणजे पुढच्या जूनमध्ये ऑर्डर मिळेल की नाही याची शाश्वती नसलेला माणूस. एकाला तो शब्द मोकळं आकाश वाटतो, दुसऱ्याला डोक्यावर छप्पर नसल्यासारखा.

यावर मार्ग म्हणून आम्ही चारही नावं काढून टाकली आणि फक्त वर्णनं ठेवली. तरी एक शब्द हातून निसटला, आणि तो पहिल्या पाहणीनंतर लक्षात आला: ‘संस्था’. खासगी अनुदानित कॉलेजातला शिक्षक ‘संस्थेनं ठरवलं’, ‘संस्थेचा फोन आला’ म्हणतो तेव्हा त्याला कॉलेज म्हणायचं नसतं. संचालक मंडळ म्हणायचं असतं. ‘आपल्या संस्थेत एकमेकांवर विश्वास आहे’ हे विधान त्यानं संचालक मंडळाविषयी वाचलं आणि त्याप्रमाणे गुण दिले. काही महिन्यांचं काम एका शब्दानं वाया गेलं. त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीत ‘आपलं महाविद्यालय’ असं आहे. वाचकानं स्वतःची प्रश्नावली करताना एवढी एक ठेच तरी वाचवावी.

कॅमेरन आणि सारा फ्रीमन यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ३३४ कॉलेजं-विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर पुष्कळांचा समज असा होता की संस्कृती ठाम असली, आणि तिचे सगळे भाग एकमेकांशी जुळणारे असले, की संस्था चांगली चालते. त्यांना दिसलं ते वेगळं: परिणामकारकतेशी जास्त नातं होतं ते संस्कृती कोणत्या प्रकारची आहे याचं, ती किती ठाम आहे किंवा किती एकजिनसी आहे याचं नव्हे. ‘आमच्याकडे सगळे एका सुरात बोलतात’ असं अभिमानानं सांगणाऱ्या प्राचार्यांना हा निष्कर्ष जरूर दाखवावा.

बाकीच्या चौकटींची ओळख पुढच्या प्रकरणांत आहे, इथं नुसता निर्देश करतो. विल्यम टिअर्नी यांनी १९८८ मध्ये पर्यावरण, ध्येय, नव्यांना सामावून घेणं, माहिती, धोरण आणि नेतृत्व असे सहा बघायचे मुद्दे दिले. प्रत्यक्ष क्षेत्रभेटीसाठी मला ते सगळ्यात सोयीचे वाटतात, कारण त्यांत गुण नाहीत, प्रश्न आहेत. विल्यम बर्गक्विस्ट यांनी १९९२ मध्ये विद्याक्षेत्रातल्या चार संस्कृती सांगितल्या आणि २००८ मध्ये केनेथ पॉलक यांच्यासोबत आणखी दोन जोडल्या. कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये शिक्षणसंस्थांना सैल सांधलेल्या व्यवस्था म्हटलं: एका विभागात भूकंप झाला तरी दुसऱ्याच्या कपातला चहा हलत नाही, असं मी ते वर्गात सांगतो. आणि कोहेन, मार्च, ओल्सन यांनी १९७२ मध्ये विद्यापीठाला ‘संघटित अराजक’ का म्हटलं असेल हे विद्या परिषदेची एक बैठक शेवटपर्यंत बसून पाहिलेल्या माणसाला समजावून द्यावं लागत नाही. भारतातलं साधन हवं असेल तर उदय पारीक यांचं ‘ऑक्टापेस’ आहे: मोकळेपणा, समस्येला सामोरं जाणं, विश्वास, खरेपणा, पुढाकार, स्वायत्तता, सहकार्य, प्रयोगशीलता ही आठ मूल्यं. त्यातली सामोरं जाण्याची आणि मोकळेपणाची उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. मोकळेपणा भरपूर आणि सामोरं जाणं कमी, असं दिसलं तर तो मोकळेपणा बहुधा चहापुरता आहे.

आता सरासरीबद्दल, कारण बहुतेक प्रबंध तिथं घसरतात. समजा वीस कायम शिक्षकांनी कौटुंबिक वातावरणाला ६० गुण दिले आणि तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) वीस जणांनी १०. सरासरी ३५ येते. अहवालात ‘मध्यम स्वरूपाचं कौटुंबिक वातावरण’ असं छापून येतं, आणि त्या कॉलेजात ते वर्णन एकालाही लागू नसतं. तिथं दोन कॉलेजं एकाच छपराखाली चाललेली असतात: एक मस्टरवर सही करणारं, दुसरं तासांचं बिल लावणारं. म्हणून पाहणीत कुणाला मोजायचं हे ठरवतानाच अर्धा अभ्यास झालेला असतो. सीएचबीवाले घ्यायचे का? ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, कार्यालयातले लिपिक, वसतिगृहाच्या मेसमधल्या मावशी? माझं उत्तर सरळ आहे: संस्कृती तळापर्यंत झिरपली आहे की नाही हे तळाशी असणाऱ्यालाच ठाऊक असतं. मला चहा हलवून खुर्चीचा नियम शिकवला तो शिपाईमामांनी, विभागप्रमुखांनी नव्हे.

निनावी उत्तरांचंही असंच. ‘नाव लिहू नये’ असं वर छापायचं आणि खाली विभाग, लिंग, सेवेची वर्षं विचारायची, हा प्रकार मी इतक्या प्रश्नावल्यांत पाहिला आहे की आता हसू येत नाही. भूगोल विभागात चार माणसं, त्यात एकच बाई. निनावी कसलं? त्या बाई ‘पूर्णपणे सहमत’वर खुणा करत जातात, आणि संशोधक त्यांना समाधानी समजतो. लहान विभाग एकत्र करून विद्याशाखेच्या पातळीवर आकडे घ्यावेत, भरलेले कागद कॉलेजच्या कार्यालयातून गोळा करू नयेत, आणि कोरी सोडलेली उत्तरं फेकून न देता मोजावीत. कोणत्या प्रश्नावर सगळ्यात जास्त लोक गप्प बसले, याची यादी मला कित्येकदा गुणांच्या तक्त्यापेक्षा बोलकी वाटली आहे.

मग उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारं नॅक काय करतं, असा प्रश्न येतोच. नॅक १९९४ मध्ये स्थापन झालं. त्याच्या सात निकषांच्या चौकटीतला शेवटचा निकष संस्थात्मक मूल्यं आणि उत्तम प्रथा यांचा होता. म्हणजे मूल्यांची दखल घेतलेली आहे. पण ती पुराव्यानिशी, फायलीत बसेल अशी. ही तक्रार नाही. मानांकनाचं काम तसंच चालणार. संस्कृतीच्या अभ्यासकाला नॅकच्या समितीच्या भेटीचे दिवस, रांगोळ्या आणि सत्कार फारसे उपयोगाचे नाहीत. त्याआधीचे सहा महिने सोन्यासारखे असतात. पाच वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचे अहवाल आता कोण लिहितं? रात्री नऊपर्यंत कोण थांबतं, आणि त्यातल्या बायकांना घरी सोडायची व्यवस्था कोण करतं? ‘हे आपण केलेलंच नाही’ असं म्हणण्याची कुणाची छाती होते, आणि त्यावर खोलीत काय होतं? ग्रेड जाहीर झाल्यावर फ्लेक्सवर कुणाचे फोटो लागतात? या चार प्रश्नांवर एक उत्तम प्रबंध होईल, आणि त्याला एकही प्रश्नावली लागणार नाही.

कायद्याकडून फार अपेक्षा करू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळं, महाविद्यालय विकास समिती असा सगळा आकृतिबंध आहे आणि तो वाचायलाच हवा. पण निर्णय कोणत्या बैठकीच्या आधी, कुणाच्या केबिनमध्ये होतो, ते त्यात असणार नाही.

शाइन यांचा स्वतःचा प्रश्नावल्यांवर विश्वास नव्हता. गृहीतकं अशी विचारून सापडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. लिंडा स्मर्सिच यांनी १९८३ मध्ये याहून मूलभूत फरक दाखवला: संस्कृती ही संघटनेकडे ‘असलेली’ वस्तू मानायची, की संघटना हीच एक संस्कृती मानायची? पहिलं मानलं तर मोजता येतं, बदलता येतं. दुसरं मानलं तर फक्त समजून घेता येतं. या पुस्तकाचे लेखक या प्रश्नावर एकमताचे नाहीत आणि मी त्यांना एकमताचं करायचा प्रयत्न केलेला नाही. माझं मत विचाराल तर आकडे घ्यावेत, पण बोलणं सुरू करायला निमित्त म्हणून. ‘आज’ आणि ‘हवं’ यांच्यातली सगळ्यात मोठी दरी जिथं दिसते तो आलेख घेऊन स्टाफरूममध्ये जावं आणि ‘हे असं का आलं असेल?’ एवढंच विचारून गप्प बसावं. पहिली दहा मिनिटं छताकडे बघण्यात जातील. ती जाऊ द्यावीत.

एक विनंती करतो आणि वाट मोकळी करतो. परिशिष्टातल्या प्रश्नावल्या तशाच्या तशा छापून वाटू नका. आधी तुमच्या कॉलेजातल्या पाच-सहा जणांना, निदान दोन शिक्षकेतर आणि दोन सीएचबीवाले धरून, त्या मोठ्यानं वाचून दाखवा आणि प्रत्येक विधानाचा त्यांना काय अर्थ लागला ते लिहून घ्या. शब्द अडला तर बदला. आणि अहवाल तयार झाला की तो ज्यांनी उत्तरं दिली त्यांना पहिल्यांदा वाचायला द्या. प्राचार्यांच्या टेबलावर तो चार दिवस उशिरा पोचला तरी चालेल.